अळीला बक्षीस

दारव्हा, ८ नोव्हेंबर २००४

ती. बेबीताईस, धाकट्या पुंडलिकचा सा. न. वि. वि.

तुह्या पुस्तकाले राज्याचं बक्षीस भेटलं, पेपरात फोटो पाह्यला. शाल बरी दिसते तुले. पण ताई, लिहाले दुसरा जीव नव्हता काय? बोंडअळी! औंदा तिनं आमचं अख्खं वावर पोखरलं, अन् तुह्या पुस्तकात ती गोड हासते, फुलपाखरू होऊन शेतकऱ्याले टाटा करते! तुमची पाहुणी अळी कशी आहे म्हणून चावडीवर लोक मले विचारून राह्यले. कापूस वेचणीच्या पहिल्या दिवशी तुह्या भावजयीनं, तानाबाईनं, सीतादहीच्या पूजेचा दहीभात ठेवला, तो किडक्या बोंडापुढं.

सध्या इकडं येऊ नको. तब्येतीले जप, हे मात्र रागानं लिहीत नाही.

तुहा पुंडलिक

यवतमाळ, १४ नोव्हेंबर

चि. पुंडलिकास अ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले, खरं तर तुझे कान उपटायचे आहेत. पुस्तक वाचलंस तरी का? मी मुलांसाठी लिहिते, कृषी खात्याचं पत्रक काढत नाही. आणि मनचं तर लिहीतच नाही, मुलांना बोलतं करून ऐकते. ही अळी मला तुझ्याच लेकीनं, समीक्षानं सांगितली, दोन वर्षांपूर्वी सीतादहीला, शेताच्या धुऱ्यावर बसून. शेवट तेवढा मी बदलला. तिचा फार कडू होता, लहान मुलं झोपली नसती.

प्रकाशकाला दुसरा भाग हवाय. रविवारी सत्कार आहे, समीक्षाला पाठव. तिच्या गोष्टीशिवाय माझं पान हलत नाही. आणि येऊ नको म्हणणारा तू रे कोण? माहेर माझंही आहे.

तानाबाईला आशीर्वाद, तुला अर्धाच.

बेबीताई

दारव्हा, २२ नोव्हेंबर

ती. आत्यास, समीक्षाचा शि. सा. न.

बाबानं मले अडवलं नाही. एसटीत बसवून देतो म्हनत होते. मीच आली नाही.

पुस्तकात माहं नाव शोधलं, कुठीच नाही. ते जाऊ दे. पन माही अळी बोंडात घर करते, अन् घर खाल्ल्याबिगर तिले जगताच येत नाही, म्हनून रडते. फवारा आला की अंदरच मरते. आयकताना तू डोळे पुसले होते, आत्या. मंग फुलपाखरू कायले केलं? मी शाळेत माही गोष्ट सांगितली, तं पोरी मले खोटारडी म्हनाल्या. बाईनंबी पुस्तकातलीच खरी म्हटलं.

दुसरी गोष्ट तयार आहे. शेवटबी झाला. मीच लिहून राह्यली.

लोभ असू दे. गोष्ट मागू नको.

समीक्षा