संगीताचा उजवा पाय

४ मार्च २०००

शेवटचा नट काही केल्या निघेना. संगीताने पाना माझ्या हातून घेतला, स्टुलावर चढली आणि पंखा उतरवला. मोटार तिच्या मांडीवर, पाती सतरंजीभर.

दारात शैला. "मार्च लागलाय. घामात झोपायचं का आता?"

"काकू, तासाभराचं काम हाय."

संगीता म्हणजे दादाची मुलगी. हेलिकॉप्टर चालवायला शिकते, शिष्यवृत्तीवर. मशीन हाताला चांगलं बसलंय. टेक्निकलच्या तोंडी परीक्षेत दोनदा नापास. तिसरी आणि शेवटची संधी २१ला. दादाने लातूरजवळच्या मुरुडहून निरोप धाडलाय: या खेपेला नाही जमलं तर डी.एड.

म्हणून ती पंधरा दिवस इथे. मी मराठीचा प्राध्यापक. माझा काय उपयोग, ते कोणाला माहीत नाही. मलाही नाही.

तिने एक पातं धरून पिळलं. "याचा कोन वाढवला की हवा जास्त ढकलली जाती. हेलिकॉप्टर उचलतं. बाकी समदं त्याच्यावरच."

पंखा परत लावला. आता डुलतो. पात्याचं शैलाला सांगितलेलं नाही.

५ मार्च

शेजारच्या क्लासवाल्या सरांना बोलावलं. फिजिक्स शिकवतात. ते मला सर म्हणतात, मी त्यांना सर म्हणतो. अर्धी गल्ली सर आहे.

संगीताची वही पाहून खूश झाले. सगळी उत्तरं पाठ. त्यांनी विचारावं, तिने प्रश्न संपायच्या आत सांगावं.

"हिला काय शिकवायचं, सर? हिला तर क्लासमध्ये शिकवायला ठेवतो."

मग नापास का? सरांनी खांदे उडवले. चहा घेतला.

७ मार्च

सापडलं.

मी अडाणी परीक्षक झालो होतो. प्रत्येक उत्तरावर एकच प्रश्न: का?

"ताकद वाढवली की नाक कुठं वळतं?"

"उजवीकडं. म्हणून डावा पाय दाबायचा. शेपटीचा पंखा नाक सरळ धरतो."

"उजवीकडेच का?"

"पुस्तकात हाय."

पुस्तक परदेशी. डिक्शनरी घेऊन बसलो. चित्रातली पाती, वरून पाहिलं तर, घड्याळाच्या उलट फिरतात. अंग त्याच्या विरुद्ध वळणार, म्हणजे उजवीकडे. ठीक.

"तुमच्या शाळेतलं कसं फिरतं?"

तिने डोळे मिटले, हात डोक्यावर नेऊन फिरवला. घड्याळासारखा.

"काका. आमचं उलटं हाय."

"मग पाय कुठला?"

तिने सांगायच्या आधीच उजवा पाय फरशीवर दाबला गेला.

"रोज हाच दाबून राहिले ना मी."

"आणि परीक्षेत?"

"डावा सांगितला. दोन्ही वेळंला. त्यांनी विचारलं होतं, आपल्या मशीनचं सांगा."

"मग?"

"उडवणं येगळं, पेपर येगळा. लातुरात बारावी केली ना मी, समदं पाठ करून."

दोघेही हसत सुटलो. तिला उचकी लागली. शैला पाणी घेऊन आली, काय झालं म्हणाली. सांगता येईना.

८ मार्च

सकाळी पाहतो तर संगीता वहीत डावं खोडून उजवं करत बसलेली. पानामागून पान. पेन काढून घेतलं. पुढे तिसरंच मशीन हाती आलं तर पुन्हा खोडणार?

वही कपाटात. किल्ली शैलाकडे.

१० मार्च

सरांची फिरती खुर्ची अंगणात आणली. माझ्या सायकलचं पुढचं चाक काढलं. संगीता खुर्चीत बसली, पाय उचलून. चाक डोक्यावर आडवं धरलं आणि दुसऱ्या हाताने घड्याळासारखं ढकललं. खुर्ची हळूच उलटी फिरली.

वाचलं होतं. पाहिलं नव्हतं.

सर बसले. पुन्हा बसले. पंधरा वर्षं हा नियम फळ्यावर लिहितोय, म्हणाले. मग शैला. पदर खोचून. चाक जोरात ढकललं आणि खुर्ची फिरू लागताच किंचाळली, "थांबवा!" संगीताने पाय लावून खुर्ची रोखली.

"काकू, हा माझा पाय म्हणजे शेपटीचा पंखा."

"मग तो आधी लावायचा की गं!"

आज कॉलेजला चालत गेलो. चाक अजून अंगणात.

१२ मार्च

मराठी नावं करतोय. एक दांडा सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढवतो. दुसरी दांडी पाती फिरताना कोन एका बाजूला वाढवते, दुसऱ्या बाजूला कमी; त्याने मशीन पुढेमागे जातं. मी म्हटलं, समकोन दांडा आणि...

"काका, हवेत कुणी असं बोलत न्हाई."

राहू दे. पण इंग्रजीत सांगण्याआधी ती आता एकदा मराठीत सांगते. मराठीत पाठ केलेलं चालत नाही तिला. अडखळते. अडखळली की समजून सांगते.

भूकंपाचं बोललो आज. त्र्याण्णवला ती पंधरा वर्षांची, मामाच्या गावी. औषधं घेऊन हेलिकॉप्टर उतरलं. माणसं पोत्यांकडे पळाली. ही शेपटीकडे पाहत राहिली, कोणीतरी ओढून मागे नेईपर्यंत.

१५ मार्च

सरांनी इंग्रजीत परीक्षा घेतली. कोट घालून, या उकाड्यात. दोन ठिकाणी अडकली. पाय चुकला नाही. एकदा तर तिनेच विचारलं, "सर, कुठलं मशीन, ते आधी सांगा."

सरांनी कोट काढला.

१८ मार्च

दादा आला. जेवण झाल्यावर अंगणात बाज टाकली, संगीताला हाक मारली. भूकंपापासून तो स्लॅबखाली झोपत नाही.

"मला एकच सांग. वर इंजन बंद पडलं तर? धोंड्यावानी खाली?"

वाटलं, वहीतलं म्हणून दाखवेल. तिने बाजेवर दादाच्या पायाशी बैठक मारली.

"न्हाई अण्णा. दांडा लगेच खाली करायचा."

"पडताना आणखी खाली?"

"हाव. म्हणजे पात्यांचा कोन कमी होतो. मग खाली येताना खालून हवा लागती, ती पाती फिरवत ठेवती. जत्रेतलं भिरभिरं घेऊन पळलं की फिरतं बघा, तसं. त्याला कुठं इंजन असतं?"

"आन् जमीन आल्यावर?"

"नाक जरा वर करून वेग मोडायचा. मग मशीन सरळ करून दांडा वर ओढायचा. पाती फिरून राहिलीत तेवढ्या जोरावर मशीन सावरतं. अलगद टेकतं."

"चुकलं तर पुन्हा?"

"पुन्हा न्हाई. एकदाच."

दादा तिच्या हाताकडे पाहत होता. दांडा ओढल्यासारखी मूठ अजून तशीच.

"तू केलंस हे?"

"शिकवणारे सर शेजारी बसून. अकरा वेळा."

"आईला न्हाई सांगितलंस."

"तुम्हाला तरी कुठं सांगितलं?"

दादा हसला. मोठ्याने. शैला बाहेर आली बघायला. किती वर्षांनी ऐकलं ते.

"एवढं येतंय तर दोनदा नापास कशी झालीस गं?"

तिने पायाचं सांगितलं. दादाने ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळला. "लातुरात क्लास लावायचं तूच म्हणला होतास."

खरं आहे. मीच.

डी.एड.चं तो बोलला नाही. मीही काढलं नाही.

१९ मार्च

सकाळी सहाच्या एसटीने संगीता परीक्षेला गेली. दादा तिच्यासोबत गेला. शैलाने दोघांपुरत्या दशम्या बांधून दिल्या. रविवार, तरी मला नऊला जादा तास होता.