रोमनांचा मांडव

प्रिय आबा,

तुमचं बरोबर होतं.

हे सांगायला दोन वर्षं उशीर झाला, हे मला कळतं. गेलेला माणूस परत येऊन बरोबर-चूक तपासत बसत नाही. पण परवा मी फ्रान्सहून परत आले आणि बॅग उघडायच्या आधी वही घेऊन बसले. हे दुसऱ्या कोणाला सांगण्याजोगं नाही, तुमच्याच मालकीचं आहे.

तुमची नात सई तिकडे शिकायला आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. तिच्याकडे महिनाभर राहिले. एके दिवशी ती म्हणाली, "आई, इतकी वर्षं मुलांना रोमन साम्राज्य शिकवलंस, चल, खरं दाखवते." आगगाडीत बसून आम्ही नीम नावाच्या शहरात गेलो. स्टेशनवरून चालत गेलं की घरं, दुकानं, शाळेतून सुटलेली पोरं, आणि मधेच समोर उभं ते गोल दगडी ॲम्फिथिएटर! कमानीवर कमानी. दोन हजार वर्षांचं झालं तरी अजून वापरात आहे. आजही तिथे गाण्याचे कार्यक्रम होतात, लोक तिकीट काढून त्याच पायऱ्यांवर बसतात. शेजारच्या आर्ल शहरातल्या ॲम्फिथिएटरमध्ये तर एके काळी लोक घरं बांधून राहत होते म्हणे. आपण धान्य ठेवायला जागा शोधतो, त्यांनी अख्खं गाव आत ठेवलं!

ऊन होतं, आबा. आपल्या वैशाखाइतकं नाही, पण डोक्यावर पदर घ्यावा असं. गाइडबाईंनी आम्हाला रस्त्यावरच थांबवलं आणि वर बघायला सांगितलं. भिंतीच्या अगदी वरच्या अंगाला दगड बाहेर काढलेले होते, आणि प्रत्येकात एक गोल आरपार भोक.

त्या फ्रेंचमध्ये बोलत होत्या, सई मराठीत सांगत होती. "आई, त्या भोकांमध्ये लाकडी खांब उभे करायचे. खांबांना दोर, दोरांवर कापड. लोकांना ऊन लागू नये म्हणून. पण मधला भाग उघडा ठेवत असावेत, असं म्हणतात."

मी सईचा हात घट्ट धरला. तिला वाटलं, मला ऊन बाधलं.

कारण हेच सगळं मी आधी ऐकलं होतं. तुमच्या तोंडून.

आठवतंय ना? मी चोपड्याच्या शाळेत शिकवत होते. स्नेहसंमेलनाच्या मांडवाचं काम तुम्ही मागून घेतलं. एरंडोलहून इतक्या लांब टेम्पो भरून कशाला येता, असं मी फोनवर म्हणाले. तुम्ही हसलात नुसते. तुम्हाला लेकीची शाळा बघायची होती. आणि मी शाळेत कोणालाच सांगितलं नाही, की येणारे मंडपवाले माझे वडील आहेत.



मी दहावीच्या वर्गावर तास घेत होते. नवा डिजिटल फळा आला होता आणि मी मोठ्या दिमाखात त्यावर याच नीमच्या भिंतीचं चित्र लावलं होतं. तुम्ही शिडी मागायला दाराशी आलात. अंगातल्या बंडीला धूळ, खांद्यावर दोराचं भेंडोळं. शिडी राहिली बाजूला, तुम्ही चित्राकडे बघतच राहिलात. आणि मग बोललात, पोरांसमोर, आपल्या अहिराणीत, "त्या वरल्या भोकेस्मा बल्ल्या उभ्या करत व्हतीन. नई त इतला उनमा लोके कशा बठतीन?"

पोरं हसली. तुम्हाला वाटलं, त्यांना आवडलं. तुम्ही आणखी एक पाऊल आत आलात. "आनि मधमा मोकयं ठेवनं पडस. नई त वारा बठ्ठं उपाडी ली जास."

पोरं आणखी हसली. माझे कान तापले. मी म्हणाले, "मंडपवाले, तुमचं काम मैदानात आहे."

मंडपवाले! जन्मदात्या बापाला!

तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत. क्षणभरच. आणि मग अहिराणी सोडून शुद्ध मराठीत म्हणालात, "हो मॅडम. चुकलं."

आबा, तुम्ही का नाही चिडलात? बाहेर गेल्यावर दोर आपटायचा होता. रविवारी घरी आले तेव्हा दोन शब्द सुनवायचे होते. तुम्ही तर आईला लेकीचं कौतुक सांगत होतात, "मनी अंडेर काय शिकाडस व्हती! खिडकीखाल उभा राहीसन ऐकं मी." म्हणजे मी हाकलल्यावर तुम्ही खिडकीखाली उभे राहून उरलेला तास ऐकलात. तुमच्या या चांगुलपणाचा मला त्या दिवशी राग आला होता. आजही थोडा येतो. तुम्ही रागावला असता, तर मला माफी मागता आली असती.

तुम्ही दगडातली भोकं बघून ओळखलंत, ते काही जादूनं नाही. चाळीस वर्षं लोकांच्या डोक्यावर सावली धरलीत तुम्ही. काम सुरू करायच्या आधी मूठभर माती वरून सोडून वारा बघायचात. कापड कधी ताणून बांधलं नाहीत, झोळ ठेवायचात, आणि मधोमध एक फट मोकळी. भर मे महिन्यात लग्नाची मंडळी कुरकुरायची, नवरदेवावर ऊन येतं म्हणून. एकदाच, यावलच्या एका लग्नात, तुम्ही मुलीच्या बापाच्या हट्टापुढे नमलात आणि फट शिवून टाकलीत. दुपारी वावटळ आली आणि अख्खा मांडव बल्ल्यांसकट उचलला गेला. कोणाला लागलं नाही, पण पंगतीत माती झाली. तुम्ही पानापानापाशी जाऊन हात जोडलेत. त्या फटीचं शहाणपण तुम्हाला असं मिळालं होतं. मी मात्र ते चार पोरांच्या हसण्यावर सोडून दिलं.

तुमच्या तेराव्याला तुमच्याच माणसांनी मांडव घातला. कोणी न सांगता त्यांनी मधे फट ठेवली. ऊन नेमकं तुमच्या फोटोवर पडत होतं. भाऊ म्हणाला, "बंद कर रे ती." मीच नको म्हणाले. का म्हणाले, हे तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

नीमला आत जाऊन मी वरच्या पायरीवर बसले. दगड तापलेला. समोर तो केवढा मोठा गोल, आणि वर उघडं आभाळ. वाटलं, तुम्ही असता तर पहिल्यांदा दोर कुठून ओढायचा ते ठरवलं असतं. मग गाइडबाईंना चार चुका दाखवल्या असत्या. आणि मी या वेळी, शपथ सांगते, मधे एक शब्द बोलले नसते. मी रडले. सईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, हे तू मला सांगून काय उपयोग? त्या वर्गाला माहीत आहे का?"

पोर खरं बोलली.

आबा, आता ऐका. त्याच दहावीच्या तुकडीचा येत्या रविवारी शाळेत मेळावा आहे. पोरं आता बाप्ये-बाया झाली आहेत, कोणी डॉक्टर, कोणी केळीचा व्यापारी. त्यांनी मला बोलावलंय, आणि पूर्वीसारखा एक तास घ्या म्हणून गळ घातली आहे. मी नाही म्हणणार होते. तब्येतीचं कारणही तयार ठेवलं होतं. कदाचित त्यांतल्या काहींना तेव्हाच माहीत असेल, तुम्ही माझे कोण ते. चोपडा-एरंडोल काही परदेश नाही. माझ्या खोटेपणाकडे बघत ती गप्प बसली असतील.

तरी मी जाणार. तुम्हाला शब्द देते. तेच चित्र लावीन, ती भोकं दाखवीन. तुम्ही म्हणालात ते सगळं म्हणेन, तुमच्या अहिराणीत, एकही शब्द शुद्ध न करता. कोणी हसलं तर हसू देईन. आणि मग सांगेन, हे ज्यांनी ओळखलं त्यांना मी या दारातून बाहेर काढलं होतं. ते माझे आबा होते.

तुमची अंडेर,
मंगल