नऊ वस्तूंचा माणूस

बुद्धविहार, आर्वी
१४ जुलै २००४

प्रिय मीरा,

आषाढी पौर्णिमा होऊन बारा दिवस झाले आणि मी घरी पोचलो नाही. भिक्खू जसे वर्षावासाला एका जागी थांबतात तसं पावसाचे तीन महिने मीही घरी थांबायचं, या एकाच अटीवर तू मला हिंडायला सोडलं होतंस. तीन वर्षं ती अट मी पाळली. यंदा पहिले चार दिवस तू रागावली असशील, नंतर प्रफुल्लला दवाखाने शोधायला पाठवलं असशील. हातपाय धड आहेत, ताप नाही, अपघात नाही. पण मीरा, मला भीती वाटते आहे. हे पत्र आधी तू एकटीनं वाच, मग लेकाच्या हातात दे.

एकतीस वर्षं मी वर्धा-आर्वी एसटीत तिकिटं फाडली, घंटी मारली. रस्त्यावरचं प्रत्येक गाव खिडकीतून पाहिलं आणि कुठेच उतरलो नाही. रिटायर झालो तेव्हा वाटलं, आता उतरावं. पण खरं कारण तुला ठाऊक आहे. लेकीचं लग्न ठरलं, त्या साक्षगंधाला भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून मी भरलं ताट भिरकावलं होतं. पाहुणे माना खाली घालून बसले आणि ती दाराआड उभी राहून रडली. त्या दिवशी ठरवलं, बापूराव, आता स्वतःला सुधारा. सामान कमी केलं की चिडचिडही कमी होते, असं एका शिबिरात ऐकलं होतं. भिक्खूला आठ वस्तू पुरतात, मी पडलो संसारी, म्हणून दुप्पट, सोळा. मी त्या खाटेवर मांडून मोजत होतो तर तू म्हणालीस, सगळ्यात मोठा पसारा त मीच आहो, मले कोन्या पिशवीत भरता? तेव्हा मी चिडलो होतो. आता तेच वाक्य आठवून हसतो.

पहिली वर्षं फार सुखाची गेली. एका गावात दोन रात्रींहून जास्त राहायचं नाही, जिथे जेवलो तिथे काहीतरी काम करून द्यायचं. पिंपळखुट्याच्या रूपरावांकडे तुरीच्या शेंगा सोलल्या, कुणाच्या खाटा विणून दिल्या, शाळांमधून मुलांशी बोललो. आणि राग ओसरला. गेल्या वर्षी घरी असताना चहात माशी निघाली तरी मी हसलो, आणि तूच दचकून माझ्याकडे पाहत राहिलीस.

सोळाच्या बारा झाल्या, यंदा नऊ. एका गुरुजींनी तर मुलांना माझी ओळखच करून दिली, हा नऊ वस्तूंचा माणूस. एक म्हातारी पाया पडून विचारायला लागली, बाबा, तुमाले काईच लागत नाई, मंग आमालेच काऊन एवढं लागते? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, सोडत जावं माय, आपोआप सुटतं. आता तुला खरं सांगतो. सोळातली पहिली कमी झालेली छत्री मी कुणाला दिली नव्हती. ती कुठे राहिली तेच मला आठवेना. लोकांनी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं की सोडली, आणि समोरच्यानं हात जोडले. मग घड्याळ सोडलं. मफलर सोडला, वस्तरा सोडला. फोन नंबरांची वहीही अशीच सोडली, म्हणून तुला शेजारी फोन करता आला नाही. जितकं हरवत गेलं तितका मी मोठा होत गेलो. लोकांचं सोड, मलाही ते खरंच वाटायला लागलं होतं.

पौर्णिमेच्या सकाळी आर्वीहून घराकडे पायी निघालो. दिवसभर चाललो आणि संध्याकाळी एका डेपोसमोर येऊन उभा राहिलो. कुठलं गाव म्हणून पाटी वाचली, तर आर्वी. जिथे सगळी नोकरी केली ते फाटक मला पाटी वाचल्याशिवाय ओळखू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सरळ गाडीत बसलो. कंडक्टर धीरज होता, माझ्या हाताखाली शिकलेला, आता त्याचेही केस पिकले. कुठलं देऊ काका, म्हणाला. मी तोंड उघडलं. आपला ओटा दिसत होता, जांबाचं झाड दिसत होतं, सूप घेऊन बसलेली तू दिसत होतीस, पण गावाचं नाव येईना. त्याला वाटलं, मी थट्टा करून राह्यलो. बोरगाव नाई का, काका? मी हसलो आणि गाडी सुटायच्या आत खाली उतरलो. बोरगावच्या चौकात उतरल्यावर घर कोणत्या हाताला, हे त्याला विचारायची मला लाज वाटली. तेव्हापासून इथे विहारात आहे. दोन रात्रींचा नियमही मोडला.

सगळ्यात जास्त भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. राग मी खरंच जिंकला, की रागवायचं कशावर तेवढंच विसरत गेलो? चार वर्षं स्वतःला सुधारतो आहे असं समजत होतो. त्यातलं माझं किती आणि या दुखण्याचं किती, आता कुणाला विचारू? तुलाच विचारावंसं वाटतं. तू माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस.

इथे वच्छलाबाई म्हणून आहेत, विहार झाडतात आणि मला भाकर आणून देतात. काल दुपारी त्यांनी सहज विचारलं, घरी कोनकोन हाये, बाबा? मी सांगितलं, मीरा आहे, प्रफुल्ल आहे, आणि लेक दिली आहे हिंगणघाटला. नाव काय तिचं, म्हणाल्या. मीरा, कालपासून मी ते नाव शोधतो आहे. तिच्या भुवईवरचा व्रण आठवतो, ती पहिल्यांदा सायकलवर बसली तो रस्ता आठवतो, पण नाव येत नाही. एवढ्या लांबलचक पत्रात ते मी एकदाही लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. घरून निघताना तू पत्ता लिहिलेली पाकिटं दिली होतीस, त्यातलंच हे एक, म्हणून तुझ्यापर्यंत पोचेल. तुम्ही तिघंही या आणि मला घेऊन जा. फक्त एक कर. विहाराच्या फाटकातून आत शिरताना तिला नावानं मोठ्यानं हाक मार, मला आतपर्यंत ऐकू येईल अशी. मग मी बाहेर येईन आणि त्याच नावानं तिला जवळ बोलावीन. तिला काही कळू देऊ नकोस.

वाट पाहणारा, तुझाच
बापूराव