रोहिणीसाठी माक्याचं तेल

३ मार्च
टायफॉइड गेला, पण रोहिणीचे केस गळायचे थांबेनात. २६ एप्रिलला तिच्या भावाच्या, तात्यारावांच्या मुलीचं लग्न, उमरग्याला. ही म्हणते, असल्या डोक्यानं मी यायची न्हाय, तुम्ही एकटे जावा. त्या पोरीला हिनंच न्हाऊमाखू घातलंय. डॉक्टर म्हणतात, केस आपोआप येतील. डॉक्टरांचा विषय ताप. संकल्प : तेल मी घरी करणार.

५ मार्च
अकरा व्हिडिओ पाहिले. दहा चूक. घाण्यावरून करडईचं तेल आणलं, दोन लिटर.

६ मार्च, सकाळी ७.१०
ओढ्याकाठून माका खुडून आणला. रोहिणी म्हणाली, अहो, ह्यो माका न्हाय, दगडी पाला हाय. नावात काय अडलंय? ताजेपणा महत्त्वाचा. धुऊन ओलाच कढईत सोडला.

७.२५
तेल उसळलं. डावी भुवई गेली. तेलाचा दोष नाही, मी वाकलो होतो.

९ मार्च
दुसरी बॅच. मंद आच. तेवढ्यात तात्यारावांचा फोन. त्यांना पत्रिकेबद्दल बोलायचं होतं, मी मंद आचेचं महत्त्व समजावलं. कढईत काळं झालं. रंग दाट आला म्हणायचं. रोहिणीच्या डोक्याला, माझ्या भुवईला. आता दोन पेशंट.

१० मार्च
शेजारच्या केशरबाईंनी विचारलं, रोहिणे, सकाळच्या पारी भजी तळलीस का गं?

२२ मार्च
बाटलीत वर पांढरा थर. अर्क असावा. रोहिणी म्हणाली, बुरशी हाय ती, ह्यापुढं तुमचं तेल तुमच्या डोक्याला. भाजी आणायलासुद्धा डोक्यावर पदर घट्ट ओढून जाते. मला ते बघवत नाही.

४ एप्रिल
तिसरी बॅच उत्कृष्ट. ही हात लावू देत नाही. तिच्या उशीच्या अभ्र्याला दोन चमचे चोळलं. झोपेत चांगलं मुरतं.

५ एप्रिल
मुंग्या. रोहिणी हॉलमध्ये झोपते. हवापालट बराच.

२१ एप्रिल
तयारीला हात लावायला म्हणून रोहिणी एसटीनं पुढं उमरग्याला गेली. लग्नालाही थांबते म्हणाली, पण तुम्ही येताना तेल आणायचं न्हाय. निम्मं काम फत्ते.

२६ एप्रिल, उमरगा
मांडवात एका बाईला म्हणालो, ताई, जरा सरकता का? ती रोहिणी. पार्लरमध्ये जाऊन मानेपर्यंत केस कापलेत. पदर खांद्यावर. बायका भोवती : अगं, दहा वर्षांनी लहान दिसायलीस, काय लावलंस? मी खिशातली बाटली काढून पुढं झालो. रोहिणी म्हणाली, लावलं काय न्हाय, ह्यांचं तेल बंद केलं! सगळा मांडव हसला. तीही. तापानंतर पहिल्यांदाच, पोट धरून.

नोंद : तेल बंद केल्यावर गुण येतो. पण बंद करायला आधी लावावं लागतंच.