दुर्धर्षाचे पूर्वायुष्य

सोमवार, २ तारीख
लेक नोकरीसाठी परगावी गेल्यापासून आमचे फोनवरचे बोलणे आटले आहे. मी विचारतो, जेवलीस का. ती म्हणते, हो, आईला दे. आज मात्र आपणहून म्हणाली, बाबा, शनिवारी संध्याकाळी मी आणि दोन मैत्रिणी एक गेम खेळतो, येतोस का आमच्यात? प्रत्येकाने एक पात्र व्हायचे, कानाला हेडफोन लावून गप्पा मारत राज्यभर हिंडायचे. पात्राचा स्वभाव आणि मागची गोष्ट तेवढी आधी लिही, दोन ओळी पुरेत.
दोन ओळी! संस्कृत शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला! असे पात्र उभे करीन की मैत्रिणी तोंडात बोट घालतील.

मंगळवार, ३
नाव: दुर्धर्ष. धीरोदात्त. उंच. भरपूर केस. (कल्पनाशक्तीला वाव हवाच.)

गुरुवार, ५
वंशावळ घेतली. अजून पणजोबांवरच आहे. रंगलेत फार. बायको म्हणाली, अहो, नळ गळतोय. म्हटले, इथे पणजोबांचं राज्य जातंय, नळाचं काय घेऊन बसलीस.

शनिवार, ७
दुर्धर्षाचा जन्म व्हायचा आहे. लेकीला कळवले, पुढच्या शनिवारी नक्की. ती बरं म्हणाली. आवाज जरा पडलेला, नेटवर्क असावे.
बायको म्हणाली, मग मी बसू का आज? पूर्वायुष्य विचारले तर म्हणे, लेकीने एक बटण दाबायला सांगितलं, बाई आपोआप तयार झाली. नाव ठेवलंय ठकी. स्वभाव? तिकडे गेल्यावर कळेल की.
साहित्यशास्त्राची अशी विटंबना पाहिली नव्हती. संध्याकाळभर स्वयंपाकघरातून हसण्याचे आवाज. वाचनात व्यत्यय.

सोमवार, ९
लेकीचा फोन. गटाचा नियम एकच: लिहिलं ते पाळायचं. शूर लिहिलंस तर पळायचं नाही. म्हणून सांगते बाबा, कमी लिही.
नियम उत्तम. सल्ला बालिश.

मंगळवार, १०
दुर्धर्ष जन्मला! गुण इतके झाले की मलाच कंटाळा आला. एखादे शल्य हवे. धाकटा भाऊ लहानपणी नदीत वाहून गेला. तेव्हापासून दुर्धर्ष पाण्यात पाऊल टाकत नाही, होडीत बसत नाही. लिहिताना डोळे पाणावले. बायकोला वाचून दाखवले. ती म्हणाली, अगंबाई, मग आंघोळीचं कसं करतो?
करुणरसाचा शत्रू आमच्याच घरात नांदतो.

गुरुवार, १२
सगळे लेकीला पाठवले. उत्तर आले: बाबा!! केवढं हे!!
दाद म्हणून नोंदवून घेतली.

शनिवार, १४, सकाळ
दाढी केली. कोणी बघणार नाही, तरी. आज लेकीशी पोटभर गप्पा. विषय काढून ठेवलेत.

शनिवार, १४, संध्याकाळ
खेळ नदीकाठी उघडला. राज्य पलीकडे. अलीकडे एक झोपडी, एक होडी.
मैत्रिणी नमस्कार काका म्हणाल्या. लेक होडीत चढली आणि थबकली. म्हणाली, बाबा, तू पाण्याला घाबरतोस ना? म्हटले, आज अपवाद. मैत्रिणी एका सुरात ओरडल्या, काका, नियम! पूल विचारला. पूल नाही. एवढ्यात ठकी टुणकन होडीत. वर बायको स्वयंपाकघरातून प्रत्यक्ष ओरडली, येते हं!
लेक म्हणाली, बाबा, दुर्धर्षाला ठेव बाजूला, ते बटण दाब, दोन मिनिटांत तयार होशील, आम्ही थांबतो. पणजोबांपासून उभा केलेला माणूस असा काठावर टाकून जायचे? बाणेदारपणे म्हणालो, तुम्ही पुढे व्हा.
थांबल्या थोडा वेळ. मग होडी सुटली.
या खेळात माणूस लांब गेला की त्याचा आवाजही बारीक होत जातो, हे कोणी सांगितले नव्हते. लेकीचे शेवटचे ऐकू आले ते एवढेच: आई, वल्हं उलटं धरलंयस.
काढलेले विषय तसेच राहिले.

रविवार, १५
फोन. विचारले, जेवलीस का. ती हो म्हणाली. आईला दे मात्र म्हणाली नाही. म्हणाली, आम्ही गेल्यावर काय केलंस रे तिथे? म्हटले, झोपडीमागे कोंबड्या आहेत, त्यांच्याकडे बघत बसलो. इतकी हसली, इतकी हसली की मलाही हसू आले. मग म्हणाली, मी तुला बोलावलं होतं बाबा, तो दुर्धर्ष कोण कुठला? शनिवारी बटण दाब आणि ये.
दाबणार. एकदा ठरले म्हणजे ठरले. एक ओळसुद्धा लिहिणार नाही.
फक्त त्यातली ती तांबडी कोंबडी. नजर करारी आहे. आईविना वाढली असावी. घराणे मोठे, पण भाऊबंदकीत गेले. शनिवारला अजून अवकाश आहे.