एका खुंटीचा तापनियामक

सातारा, ता. ९ जानेवारी १९४७

श्रीयुत विष्णुपंत यांस सातारहून गोपाळकृष्णाचा सादर नमस्कार. येथील क्षेम पुढील मजकुरावरून कळेलच. तेथील क्षेम कळवण्याचे करावे. आपला गुडघा आणि सौ. शरयूवहिनींचे डोळे यांची चौकशी मी पत्राच्या अखेरीस सविस्तर करणार होतो. परंतु अखेरीस जागा उरेल अशी शाश्वती नसल्यामुळे ती येथेच केली असे समजावे.

आपण पेशाने वकील आहात आणि सोमवारपासून आपल्या घरी एकाच पक्षाची कैफियत ऐकत आहात. म्हणून वस्तुस्थिती क्रमवार मांडतो. पहिली : मार्गशीर्षाच्या आरंभी सौ. गोदावरीला खोकल्याची ढास लागली असता मिरजेच्या डॉक्टरांनी तिची छाती तपासून सांगितले की, औषधाइतकीच तिला अष्टौप्रहर एकसारखी उबदार खोली हवी. दुसरी : त्या सल्ल्यानुसार मी एक तापनियामक विकत घेतला आणि आमच्या मधल्या खोलीत बसवला. तिसरी : बसवल्यापासून अठराव्या दिवशी, म्हणजे गेल्या सोमवारी, ती सकाळच्या सर्व्हिस मोटारीने माहेरी सांगलीस निघून आली. चौथी : परत कधी येणार हे तिने मला सांगितले नाही, संक्रांत पाच दिवसांवर आली आहे. तिने परत यावे अशी माझी विनंती नाही. मला केवळ निष्पक्ष निर्णय हवा आहे.

आता विस्तार. तापनियामक म्हणजे काय हे आपणांस ठाऊक नसावे (वकिलीच्या परीक्षेत पदार्थविज्ञान नसते, ही त्या परीक्षेची उणीव आहे). भिंतीवर बसवायची ती एक पितळी डबी असते. तिच्या तोंडावर फॅरनहाइट अंशांचे आकडे आणि मधोमध एक खुंटी. खुंटी अडुसष्टावर ठेवली की खोली अडुसष्टाच्या खाली उतरताच विजेची शेगडी आपोआप पेटते, वर जाताच विझते. बाजूला एक छोटी दांडी आहे. ती फिरवली की हाच कारभार उन्हाळ्यात उलटा चालतो, खोली तापली की विजेचा पंखा सुरू आणि निवली की बंद. दोन तारा, एक खुंटी, एक दांडी. यापलीकडे त्यात समजण्यासारखे काही नाही, आणि तीच तिची थोरवी. (आपली भगिनी तिला पहिल्या दिवसापासून नुसते 'डबी' म्हणते. मी तीन वेळा दुरुस्ती केली.)

निवडीविषयी सविस्तर लिहितो, कारण माझ्या निवडीवर तेथे टीका होत असेल तर ती निराधार आहे. डॉक्टरांकडून परतताना मिरज स्टेशनाजवळ लालासाहेब नावाच्या निवृत्त हवालदाराचे दुकान लागले. लष्कराचा लढाईनंतर उरलेला माल लिलावात घेऊन तो विकतो. कंदील, बूट, दुर्बिणी, आणि एका खोक्यात दोन तापनियामक. एक मी वर वर्णन केला तो. दुसऱ्याच्या पोटात घड्याळ : रात्री अमुक वाजता खोली आपण होऊन गार करणार, पहाटे तमुक वाजता आपण होऊन ऊब आणणार. माणूस सुशिक्षित दिसला की दुकानदार त्याच्या गळ्यात अधिक चाकांची वस्तू मारतो, हा माझा अनुभव. लालासाहेबाने मात्र उलटे केले. "मास्तर, ह्यो घड्याळवाला साहेबलोकांचा. त्येला रोज चावी द्या, टाइम लावा, आन बिघाडला तर सातारला कोन बगणार? ह्यो बिनघड्याळाचा घ्या. लय साधा हाय. खुंटी फिरवायची आन गप बसायचं."

शिफारस योग्य होती. तिच्या पुष्ट्यर्थ दिलेली कारणे अपुरी होती. ती मी पुरवली. घड्याळ असलेले यंत्र माझ्यासाठी रात्र कधी झाली हे ठरवणार, आणि त्यासाठी त्याची वेळ मी माझ्या घड्याळावरून लावणार. म्हणजे जे मला ठाऊकच आहे ते मी त्याला शिकवायचे आणि नंतर त्याच्याकडून ऐकून घ्यायचे. शिवाय डॉक्टरांनी 'एकसारखी' ऊब सांगितली होती. एकसारखेपणाला वेळापत्रक लागत नाही. हे सर्व मी लालासाहेबाला समजावून दिले, दोन्ही डब्या उघडून आतल्या पट्ट्या पाहिल्या, खिशातल्या तापमापकाशी आकडे ताडून घेतले. या तपासणीला दीड तास लागला आणि आमची गाडी चुकली. (तेवढा वेळ सौ. दुकानाबाहेरच्या खोक्यावर बसून खोकत होती. शाल होती.) निवड निर्दोष झाली, हे मी आजही ठामपणे म्हणतो.

बसवण्याचे कामही निर्दोष झाले. वायरमन हरिबा याला ओळंबा वापरता येत नव्हता, तो मी धरला. डबी भिंतीच्या बरोबर मधोमध, जमिनीपासून पाच फुटांवर, खिडकीच्या झोतापासून दूर. हरिबाने मध्येच समोरची भिंत सुचवली. कारण विचारले तर म्हणाला, आपलं उगंच वाटलं. असल्या कारणाला मी तीस वर्षांत कधी अर्धा गुणही दिलेला नाही.

अडचण चौथ्या दिवशी लक्षात आली. पहाटे साडेसहाला उठून पाहावे तर खुंटी अडुसष्टावर, मेजावरचा तापमापक छप्पन्नावर आणि शेगडी थंडगार. सौ. दोन पांघरुणांत खोकते आहे. नऊ वाजले की शेगडी आपण होऊन सुरू होई आणि दुपारी खोली अशी सुरेख की एखाद्या प्रयोगशाळेत दाखवावी. मी नोंदवही घातली. खोलीच्या तीन कोपऱ्यांत, दिवसातून सहा वेळा. मुद्दा स्पष्ट होता : पहाटे कोणीतरी खुंटी खाली फिरवते आणि मी येण्यापूर्वी जागेवर आणते. घरात माणसे दोन. त्यांतला एक मी.

हा निष्कर्ष आपणांस कठोर वाटेल, म्हणून पूर्ववृत्त सांगतो. दुसऱ्याच दिवशी मला खुंटी पंचाऐंशीवर आढळली होती आणि शेगडीशेजारी फडक्यात गुंडाळलेले एक पातेले होते. चौकशीत असे निष्पन्न झाले की थंडीत विरजण लागत नाही म्हणून आपल्या भगिनीने माझ्या यंत्राला दह्याच्या कामाला लावले होते. तिने ते कबूल केले, हसत. (दही उत्तम लागले होते. मी दोन वाट्या घेतल्या. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.) ज्याने एकदा खुंटीला हात लावला तो पुन्हा लावणार नाही असे कोणते न्यायालय मानते?

मी तिला विचारले. ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, पुन्हा नाही म्हणाली, आणि तिसऱ्या दिवशी तिने उत्तर देण्याचे सोडले. तेव्हा रविवारी दुपारी मी शास्त्रीय उपाय योजला. लाख वितळवून खुंटीवर ओतली आणि वर माझ्या अंगठीची मोहोर उठवली, रजिस्टर पार्सलावर करतात तशी. आता खुंटी हलली तर लाख फुटणार, न हलली तर संशय फिटणार. यात कोणाचा अपमान नव्हता. निर्दोष माणसाला याहून चांगले संरक्षण नाही.

वेळ मात्र मी पाहिली नाही, एवढे मान्य करतो. त्याच खोलीत त्या दुपारी संक्रांतीचा हलवा चालला होता. शेजारच्या शालूबाई आणि आणखी तिघीजणी निखाऱ्यांवर परात ठेवून तीळ फिरवत बसल्या होत्या आणि सौ. पळीने पाकाचा थेंब थेंब सोडत होती. लाख वितळवायला मी त्यांच्याच शेगडीतला एक निखारा उचलला. मोहोर उठवून वळलो तर चारही बाया परातीत पाहत होत्या. शालूबाई एवढेच म्हणाल्या, "गोदाताई, पाक जरा दमानं सोडा हं. काटा बसत आलाय." सौ.ने पाक दमानेच सोडला. हलवा संपवला, डब्यात भरला, पाच घरी वाटला. सोमवारी सकाळी ट्रंक दारात. तिने अंगणातून जे सांगितले ते शब्दशः देतो, कारण पुराव्यात फेरफार करणाऱ्यांतला मी नव्हे : "कुलूप लावायचं तर घराला लावा. मी दादाकडे जाते."

मंगळवारी पहाटे लाख शाबूत, खुंटी अडुसष्टावर, खोली छप्पन्न. बुधवारी तेच, पंचावन्न. आरोपी सांगलीत असताना गुन्हा साताऱ्यात घडत होता. तर्कशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी लालासाहेबाला सदोष माल विकल्याबद्दल एक कडक पत्र लिहायला घेतले. त्याचा तिसरा परिच्छेद चालू असताना राहीबाई केर काढायला आली. ही आमच्याकडे पहाटे पाचला येते, न्हाणीघरातला पाणी तापवायचा बंब पेटवते, मग झाडलोट करते. केरसुणी हातात तशीच धरून ती डबीखाली भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. मी म्हटले, हे काय? ती म्हणाली, "आवं मास्तर, बंब पेटला की ह्ये भिताड लय ग्वाड ऊन हुतं. पाठ लावून बगा की."

मी हात लावला. विष्णुपंत, भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे. बंब भिंतीला खेटून आहे. पाचला पेटतो, नऊला विझतो. चार तास डबी ऊन भिंतीच्या कडेवर बसून खोली तापली आहे असे प्रामाणिकपणे समजत होती आणि शेगडीला स्वस्थ बसवत होती. यंत्र खरे बोलत होते, लालासाहेब खरे बोलत होता. मी खोलीच्या तीन कोपऱ्यांतली हवा सोळा दिवस मोजली आणि भिंतीला एकदाही हात लावला नाही. घन पदार्थांतून उष्णता कशी वाहते हा धडा मी तीस वर्षे शिकवला आहे, आणि त्यावर नापास केलेल्या मुलांची संख्या येथे देत नाही.

राहीबाईचे बोलणे तेवढ्यावर संपले असते तर बरे होते. ती पुढे म्हणाली, "वैनी रोज फाटंला हितंच बसायच्या, खोकला आला की. तुमी डबी ठोकली आन हितं बसायचं न्हाई म्हनला, तवापासनं चुलीम्होरं बसत्यात. धुरात." हे खरे आहे. डबीला धक्का लागू नये म्हणून त्या भिंतीशी कोणी बसू नये असा नियम मी केला होता. ती तेथे का बसते हे विचारले नव्हते. ती तेथे उगीच बसते असे मला वाटले होते.

वस्तुस्थिती येथे संपते. दोन्ही बाजू तोलून आपण निर्णय द्यावा. कळावे, लोभ असावा.

आपला,
गोपाळकृष्ण

ता. क. : वरील मजकुरातून माझी कबुली निघते असे आपण म्हणाल. कबुली निघत नाही. फक्त भिंत ऊन होती एवढे निघते.

ता. क. २ : काल दुपारी हरिबाला बोलावून डबी समोरच्या भिंतीवर हलवली. लाख मी स्वतः चाकूने खरवडली, त्यात अंगठा कापला, म्हणून या पत्राचे अक्षर जरा तिरपे आहे. जुन्या भिंतीवर चार भोके राहिली होती, ती चुन्याने बुजवली आहेत. आज पहाटे खोली अडुसष्ट होती, अगदी बरोबर, आणि त्या खोलीत कोणी नव्हते.

ता. क. ३ : पहिल्या पानावर 'तिने परत यावे अशी माझी विनंती नाही' असे एक वाक्य आहे. ते वाचू नये. खोडले असते, परंतु खाडाखोड केलेले पत्र मी कधी कोणास पाठवलेले नाही, आणि सबंध पत्र पुन्हा लिहावे तर आजचे टपाल चुकते. सौ.ला ते वाक्य मुळीच दाखवू नये. तिने आधीच वाचले असेल तर (ती माझी पत्रे आपल्या आधी फोडते, हे मला ठाऊक आहे) तिला सांगावे की गोपाळकृष्णाचे चुकले. हे शब्द आपण उच्चारावेत. मला त्यांची सवय नाही.

ता. क. ४ : डॉक्टरांनी 'एकसारखी उबदार' एवढेच म्हटले होते, अडुसष्ट हा आकडा माझा. तिला किती ऊब पुरते हे मी अद्याप विचारलेले नाही, ते आता विचारतो. जो आकडा ती देईल त्यावर खुंटी राहील; ऐंशी म्हणाली तरी मी सदरा काढून बसेन. तरी आकडा, आणि ती कोणत्या दिवशी कितीच्या मोटारीने निघते ते, उलट टपाली लेखी कळवावे. मोटारवाल्यापाशी दिलेला तोंडी निरोप स्वीकारला जाणार नाही, आणि उत्तर आपल्या हस्ताक्षरात असू नये.