ढिगाचा अर्थ

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. उत्तराला उशीर झाला म्हणून कान धरतो. हिची कंबर सुधारली. छत आता एकाच ठिकाणी गळतंय, म्हणजे प्रगतीच म्हणायची.

‘बर्फाचा ढीग म्हणजे काय, ते घरच्या मोठ्यांना विचारून लिहा,’ असं ठकीच्या बाईंनी सांगितलंय ना? मामालाच विचार म्हणालीस, बरोबर केलंस. अठरा वर्षं रस्त्यावरचा बर्फ काढतोय. दुसरं येतंय काय मला!

तिला सांग, आमच्याकडे ढीग दोन जातींचे. एक आपला. यंत्राने रस्ता साफ करताना कडेला बर्फ लोटला की होतो तो. त्याच्याकडे बघायचं नाही, पुढे जायचं. दुसरा वाऱ्याचा. मला काम शिकवणारा म्हातारा म्हणायचा, “वारा उगाच ढीग लावत नाही रे. काहीतरी आडवं असल्याशिवाय बर्फ थांबत नाही.” म्हणून वाऱ्याचा ढीग दिसला की यंत्र थांबवायचं, खाली उतरायचं, लांब सळई खुपसून आत काय आहे ते बघायचं आणि वायरलेसवर कळवायचं. आत बहुतेक वेळा कचऱ्याचा डबा निघतो.

ठकीच्या वहीला एवढं पुरे. पुढचं तू एकटीने वाच.

त्या दिवशी मी तीनदा उतरलो होतो. एक डबा, एक मोडकी फांदी, एक पाटी. हातमोजे भिजून बोटं बधिर झाली होती. गिरणीपुढच्या वळणावर चौथा ढीग दिसला. सकाळपासून त्या बाजूला यंत्र गेलंच नव्हतं, म्हणजे तो आपला असणं शक्यच नव्हतं. हे मला तेव्हाच कळलं होतं, ताई. नंतर सुचलेलं नाही. वायरलेसवर विचारलं, “वळणावर काय आहे?” मी म्हणालो, “काही नाही. ढीग आहे, आपलाच.” आणि रस्ता साफ करत पुढे गेलो. जाताना माझ्या यंत्राने त्याच्यावर आणखी बर्फ टाकला.

तिसऱ्या दिवशी त्यातून भाऊजींची गाडी निघाली.

“कोणाच्या हातात काही नव्हतं रे,” असं म्हणून तू माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडलीस. मी तुला थोपटत राहिलो. भाऊजी झोपेतच गेले, हेही तुला मीच सांगितलं. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. संध्याकाळपर्यंत होते, असं म्हणाले होते. मी तिथून गेलो तेव्हा दुपारचा सव्वा वाजला होता.

आता मी प्रत्येक ढिगापाशी उतरतो. आमच्याच यंत्राने लोटलेल्यापाशीसुद्धा. सोबतचे हसतात, “म्हाताऱ्याचं भूत शिरलंय याच्यात.” परवा हिने धुतलेले कपडे पलंगावर टाकले होते. मी दोन्ही हातांनी ते उपसायला लागलो. ही घाबरून दारातच उभी राहिली. तिला काय सांगू? यंत्राच्या घरघरीत त्या दिवशी हॉर्न ऐकू आला नव्हता. आता यंत्र बंद केलं की ऐकू येतो.

आज सकाळी साहेबांना खरं काय ते लिहून दिलं. यंत्राची चावी टेबलावर ठेवून आलो. तुला चौकशीला बोलावतील, तेव्हा भाऊ म्हणून माझी बाजू घेऊ नकोस.

आणखी एक. भाऊजींचा फोन बर्फात खराब झाला, असं तुला सांगितलं होतं. तो चांगला आहे. पोलिसांनी माझ्या हातात दिला आणि मी तो लपवला. या पत्रासोबत पाठवतोय. त्यात तुझ्यासाठी लिहिलेला एक निरोप आहे, सव्वा एकचा. रेंज नव्हती म्हणून गेला नाही. तू उघडून वाचशीलच, पण आधी माझ्याकडून कळावा:

‘बर्फाचं यंत्र आलंय, आवाज येतोय. धाकटाच असेल. काळजी करू नकोस.’

तो मीच होतो, ताई.

धाकटा